पडणाऱ्या जागेवरचा उमेदवार

निवडणुकीच्या निकालाच्या बातमीत शेवटी एक वाक्य हमखास असतं : 'अन्य उमेदवारांच्या अनामत रकमा जप्त झाल्या.' विजेत्याच्या गुलालात या वाक्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला मात्र या 'अन्य' मंडळींविषयी कुतूहल वाटतं. त्यातल्या अपक्षांची गोष्ट वेगळी. कुणी हौसेनं उभा राहतो, कुणाला मतं खाण्यासाठी उभं केलं जातं. पण एखाद्या मोठ्या पक्षाचं चिन्ह घेऊन, पडणार हे ठाऊक असताना, जो दुसऱ्याच्या बालेकिल्ल्यात उभा राहतो, त्याला त्याचा पक्ष काय देतो? आणि त्यानं काही द्यावं तरी का?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. लोकसभेला उभं राहायचं तर 25,000 रुपये अनामत भरावे लागतात, विधानसभेला 10,000. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना याच्या निम्मे. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली तर पराभूत उमेदवाराला ही रक्कम परत मिळते, नाहीतर सरकारजमा होते. यालाच आपण डिपॉझिट जाणं म्हणतो. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. मोठ्या राज्यांत लोकसभेसाठी ती 2022 पासून 95 लाख रुपये आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही. मान्यताप्राप्त पक्ष चाळीस स्टार प्रचारकांची यादी देतो. त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जात नाही. म्हणजे हेलिकॉप्टर कुठे उतरवायचं आणि पैसा कुठे ओतायचा, हे पक्षानंच ठरवायचं. पडेल जागेवरच्या उमेदवाराचं नशीब ठरतं ते इथे.

पक्षाचं गणित सोपं आहे. पैसा मोजका, नेत्यांचे दिवस मोजके. मग जिथे पाच-दहा हजार मतांनी पारडं इकडचं तिकडे होईल, तिथेच ताकद लावायची. लाखाच्या फरकानं पडणाऱ्या जागेवर रुपया टाकणं म्हणजे वाळूत पाणी ओतणं. हे गणित चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. ते अपुरं आहे, एवढंच माझं म्हणणं.

कारण वारा केव्हा फिरेल हे कुणालाच सांगता येत नाही. रायबरेलीत 1971 साली इंदिरा गांधींपुढे राजनारायण लाखाहून अधिक मतांनी पडले. 1977 मध्ये त्याच जागेवर, त्याच उमेदवारानं पंतप्रधानांना सुमारे 55 हजार मतांनी हरवलं. 1984 साली काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या आणि भारतीय जनता पक्षाला अवघ्या दोन. त्यातली एक आंध्रातली हनमकोंडा. तिथे जंगा रेड्डी यांनी केंद्रीय मंत्री पी. व्ही. नरसिंह राव यांचा पराभव केला. आंध्रात तेव्हा काँग्रेसच्या विरोधात हवा होती. राव लोकसभेत पोचले ते आपल्या विदर्भातल्या रामटेकमुळे, कारण तिथूनही ते उभे होते.

वारा या उमेदवारांनी निर्माण केला नव्हता. पण वारा आला तेव्हा त्यांचं शीड उभं होतं. शीडच नसेल तर वाऱ्याचा उपयोग काय?

अमेठीची कथा तर दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखी आहे. 2009 साली तिथे भाजपचा उमेदवार तिसरा आला आणि त्याचं डिपॉझिट गेलं. 2014 मध्ये पक्षानं स्मृती इराणींना राहुल गांधींपुढे उभं केलं. त्या एक लाखाहून अधिक मतांनी पडल्या, पण पक्षानं त्यांना मंत्री केलं आणि अमेठीशी त्यांचा संबंध तुटू दिला नाही. 2019 मध्ये त्या 55 हजारांनी जिंकल्या. मग 2024 मध्ये काँग्रेसनं अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी किशोरीलाल शर्मा यांचं नाव जाहीर केलं. बाहेरच्यांना ते नाव नवखं होतं. अमेठीतले कार्यकर्ते मात्र त्यांना अनेक वर्षं ओळखत होते. ते सुमारे 1 लाख 67 हजार मतांनी निवडून आले. एका ठिकाणी पराभवानंतरची पाच वर्षं कामी आली, दुसऱ्या ठिकाणी त्याआधीची कितीतरी.

हाच वाद अमेरिकेत उघडपणे झाला. 2005 मध्ये हॉवर्ड डीन डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष झाले. जिथे आपला पक्ष वर्षानुवर्षं हरतो, अशा राज्यांतही पगारी कार्यकर्ते नेमायचे, असं त्यांनी ठरवलं. पन्नासही राज्यं लढायची, हे त्यांचं सूत्र. पक्षाच्या प्रतिनिधीगृह प्रचाराची धुरा सांभाळणारे राम इमॅन्युएल यांना हे पटेना. पैसा जिंकण्याजोग्या मतदारसंघांत लावा, असा त्यांचा आग्रह. 2006 मध्ये पक्षानं बारा वर्षांनी प्रतिनिधीगृह जिंकलं आणि दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटलं. खरं सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. इमॅन्युएल यांचा हिशेब त्या नोव्हेंबरचा होता, डीन यांचा दहा वर्षांचा.

या वाटेवर एक फसवणूकही आहे. काही वेळा पडेल जागा मुद्दाम वाटल्या जातात. फ्रान्सनं 2000 साली कायदा केला, की पक्षांनी स्त्री-पुरुष उमेदवार समसमान द्यावेत, नाहीतर सरकारी अनुदान कापलं जाईल. मोठ्या पक्षांनी काही ठिकाणी दंड सोसला, तर अनेक स्त्रियांना न जिंकता येणाऱ्या जागा दिल्या. 1997 साली प्रतिनिधीगृहात स्त्रिया सुमारे 11 टक्के होत्या, 2002 साली त्या जेमतेम 12 टक्क्यांवर गेल्या. आमच्या मुस्लिम समाजातही ही कुजबुज मी प्रत्येक निवडणुकीत ऐकतो, की तिकीट मिळालं खरं, पण जागा कोणती ते बघा. 2024 च्या लोकसभेला महाराष्ट्रातल्या 48 जागांवर दोन्ही मोठ्या आघाड्यांनी तेवढंही केलं नाही, एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. 'इलेक्टिव्ह मेरिट' नावाचा एक शब्द आपल्या राजकारणात रुळला आहे. जो कधी उभाच राहिला नाही, त्याचं हे मेरिट मोजायचं कसं?

आणि कुणीच उभं राहिलं नाही तर काय होतं, ते 2024 मध्ये सुरतला दिसलं. काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचा उमेदवार बिनविरोध निवडून आला. लाखो मतदारांच्या बोटाला त्या वेळी शाई लागलीच नाही. पडणारा उमेदवार जिंकत नाही हे कबूल. पण त्याच्यामुळे निवडणूक होते. जिंकणाऱ्याला गल्लीबोळांतून फिरावं लागतं, पाण्याचं आणि रस्त्याचं उत्तर द्यावं लागतं. विरोधात मत देणाऱ्यालाही कळतं, की या गावात आपण एकटे नाही.

म्हणून अशा उमेदवाराला पक्षानं काय द्यावं? करोडो रुपये नकोत. तिकीट अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री न देता काही महिने आधी द्यावं. एखाद्या मोठ्या नेत्याची एक तरी सभा द्यावी. प्रत्येक मतदान केंद्रावर आपला पोलिंग एजंट बसेल आणि बाहेरच्या टेबलावर मतदारांच्या चिठ्ठ्या काढून देणारी दोन पोरं असतील, एवढी तजवीज करावी. ज्या पक्षाचं टेबलच लागत नाही, त्याचा मतदारही हळूहळू घरी बसतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, निकालानंतर त्याचा फोन उचलावा. पडल्यावर पक्षानं ओळख दाखवली, तर तो पुढच्या वेळी पुन्हा उभा राहतो. नाही दाखवली, तर त्याच्याबरोबर राबलेले पन्नास कार्यकर्तेही घरी जातात, आणि त्यांना पुन्हा बाहेर काढायला एक पिढी जाते.