वाऱ्याने नांगरलेलं हिम

अंटार्क्टिकाच्या छायाचित्रांत लोक पेंग्विन शोधतात, मी पायाखालचं हिम पाहतो. ते गुळगुळीत असतं हा समज आधी सोडावा. उन्हाळी नांगरटीनंतर आमच्या सोलापूरच्या काळ्या रानात ढेकळं तापून दगड होतात, तसं ते दिसतं: उंचसखल, टणक, आणि सगळं एकाच दिशेला ओढलेलं. या कंगोऱ्यांना सास्त्रुगी म्हणतात. बहुतेक गुडघ्याखाली राहतात, काही मीटरभराच्या वर जातात.

कारागीर अर्थातच वारा. पठारावरची हवा बर्फाला टेकून गारठते, जड होते आणि उताराने किनाऱ्याकडे धावते. डग्लस मॉसनच्या मोहिमेने 1912-13 मध्ये केप डेनिसनला जो मुक्काम केला, तिथे वाऱ्याचा वेग वर्षभराच्या सरासरीने ताशी 70 किलोमीटरच्या आसपास भरला. झंझावाताचा नव्हे, सरासरी वेग!

अशा वाऱ्यात हिमकण जमिनीलगत टुणटुण उड्या मारत जातात. आपटून त्यांची नक्षीदार टोकं मोडतात, बारीक गोल कण एकमेकांना खेटून बसतात, गोठून चिकटतात. ताज्या हिमाच्या कितीतरी पट घट्ट असा हा थर मग तोच वारा, त्याच कणांचा मारा करून, कोरून काढतो. खालचा मऊ भाग आधी झिजतो आणि वर ओठ पुढे आल्यासारखा कंगोरा राहतो. त्याचं अणकुचीदार टोक वारा येतो त्या बाजूला असतं. मला ही गोष्ट विलक्षण वाटते: वारा थांबला तरी तो कुठून आला होता, हे हिम सांगत राहतं.

आणि माणसांनी ते ऐकलंही. मॉसनच्या मोहिमेतले बेज, वेब आणि हर्ली 1912 मध्ये दक्षिण चुंबकीय ध्रुवाकडे निघाले. तिथे होकायंत्र निकामी, आकाश ढगाळ. मग सास्त्रुगींशी ठरावीक कोन राखत चालायचं. उत्तर कॅनडातल्या इग्लूलिकचे इन्युइट शिकारी तर पिढ्यान् पिढ्या वायव्येच्या वाऱ्याने घडवलेल्या हिमाच्या जिभांवरून वाट काढत आले. माझ्या मते हे ज्ञान कुठल्याही नकाशाच्या तोडीचं आहे.

वाऱ्याची आणि हिमाची ही जोडी भारताच्या मोहिमांनाही भेटली. डिसेंबर 1981 मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोहीम गोव्याहून निघाली. 1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हे स्थानक उभारलं.  

मला मात्र त्या स्थानकाचं पुढे काय झालं, तेच खुणावतं. सपाट हिमपटावर इमारत उभी राहिली की वाऱ्याला अडथळा होतो, आडोशाला त्याचा वेग पडतो, वाहून आणलेलं हिम तिथेच साचतं. दक्षिण गंगोत्री अशीच हिमाखाली गेली आणि 1990 च्या सुमारास सोडून द्यावी लागली. पुढचं स्थानक ‘मैत्री’ खडकाळ शिर्माकर भागात बांधलं. 2012 ची ‘भारती’ खांबांवर आहे, वारा तिच्या खालून निघून जातो.

पूर्व अंटार्क्टिकाच्या उंच पठारावर याहून अचाट प्रकार आहे: दोन ते चार मीटर उंचीच्या, पण एकमेकींपासून किलोमीटरांच्या अंतरावरच्या हिमलाटा. उभ्या माणसाला कळत नाहीत, उपग्रहाला दिसतात. वाऱ्याकडच्या उतारावर हिम साठतं, पलीकडच्या उतारावर झिजून काचेसारखं चकाकतं. त्यामुळे लाटा वाऱ्याच्या उलट सरकतात. चकाकत्या बाजूला वर्षानुवर्षं नवा थर जवळपास बसतच नाही, म्हणून जुन्या हवामानासाठी बर्फाचे गाभे काढणाऱ्यांना आधी या लाटा कुठे आहेत ते पाहावं लागतं.