सुरतेत पूल गोठत नाही, हिरवा पडतो

थंडी वाढली की सातपुड्यात डाब परिसरात दव गोठल्याच्या बातम्या येतात. सुरतेत मात्र पारा सहसा १० अंशांखाली उतरत नाही. त्यामुळे तिथल्या सोसायट्यांचे स्विमिंग पूल गोठण्याची भीती नाही. खरा घोळ होतो तो दिवाळीनंतर पंप बंद करून पाणी तसंच सोडून दिल्यावर. क्लोरीन उडून जातं, शेवाळ धरतं आणि दोन-तीन आठवड्यांत त्यातून डास उठू लागतात. मलेरियाला आमंत्रणच.

मग पूल रिकामाच केला तर? तीही चूक. तापीकाठी जमिनीतलं पाणी वर असेल, तर ते रिकाम्या हौदाला खालून रेटतं आणि तळाला तडे जातात. खर्च अर्थात सभासदांच्याच खिशातून. त्यापेक्षा रोज काही तास फिल्टर चालवावा, क्लोरीन १ ते ३ पीपीएम ठेवावं.

अमेरिका-कॅनडातल्या नातेवाइकांची अडचण वेगळी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, पाइप फुटतात. पाइप रिकामे करायला उशीर झालाच, तर तिथे पंप रात्रंदिवस चालू ठेवतात, कारण वाहतं पाणी लवकर गोठत नाही. वीज गेली, तर पंप आणि फिल्टरचे ड्रेन प्लग उघडून आतलं पाणी लगेच काढून टाकावं लागतं.