आधी श्वास सोडायला शिका
मालवण-तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगसाठी पहिल्यांदा उतरणाऱ्याला नुसतं ‘घाबरू नका’ सांगून भागत नाही. त्याला श्वास सोडायला शिकवलं पाहिजे. घाबरलेला माणूस भराभर, वरवर श्वास घेतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, आणि धाप लागते ती मुख्यतः याच वायूमुळे. म्हणून टाकीत भरपूर हवा असतानाही जीव गुदमरतो. त्यात 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट खर्च होते. म्हणून आधी उथळ पाण्यात टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात धरून सावकाश श्वास घ्यावा आणि बुडबुड्यांची लांब माळ निघेल इतक्या संथपणे सोडावा. रोखून मात्र कधीच धरू नये. वर येताना हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते.

भीती हा धोक्याचा इशाराच ना, मग ती शमवायची कशाला, असं कुणी विचारेल. शंका रास्त आहे. पण श्वास ताळ्यावर असला तरच मास्कमध्ये शिरलेलं थोडं पाणी आणि खरं संकट यांतला फरक कळतो. एवढं करूनही धडधड थांबली नाही, तर पैसे भरलेले असले तरी पाण्यात न उतरण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.