रक्त थांबत नाही, तरीही गुठळी?

आमच्या तालुक्यातील एक अठरा वर्षांची मुलगी लहानपणापासून माझ्याकडे येते. वरचेवर घोळणा फुटणे, हिरड्यांतून रक्त येणे, जरा धक्का लागला की अंगावर काळेनिळे डाग उठणे, अशा तिच्या तक्रारी. पाचव्या वर्षी मुंबईला तपासण्या झाल्या आणि ‘ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनिया’ असे निदान झाले. गेल्या वर्षी ती घराच्या ओट्यावरून पडली. पायाचे हाड मोडले, पाच आठवडे प्लॅस्टर राहिले. ते काढल्यावर चार दिवसांनी आई तिला घेऊन आली. डावी पोटरी सुजली होती आणि ठणकत होती.

‘‘डॉक्टरसाहेब, आत रक्ताची गुठळी तर झाली नसंल?’’ आईने विचारले.

‘‘अहो ताई, हिचं रक्त कुठं गोठतंय?’’ असे मी हसून म्हणालो. स्नायूत रक्तस्राव झाला असावा असे समजून बर्फाचा शेक आणि विश्रांती सांगून घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी सूज मांडीपर्यंत चढली. जिल्ह्याच्या गावी कलर डॉपलर सोनोग्राफी केली, तेव्हा मांडीच्या खोल शिरेत गुठळी सापडली. आईची शंका बरोबर होती, डॉक्टर चुकला होता.

हे असे कसे झाले, हे वाचकांनीही समजून घ्यावे.

जखम झाली की रक्तातील प्लेटलेट्स, म्हणजेच रक्तबिंबिका, तेथे धावून जातात आणि एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. त्यानंतर फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे त्यावर जाळे विणतात. प्लेटलेट्स म्हणजे विटा आणि फायब्रिन म्हणजे चुना, असे समजा. एडुआर्ड ग्लान्झमन या स्विस बालरोगतज्ज्ञांनी 1918 मध्ये वर्णन केलेल्या या आजारात विटा पुरेशा असतात, पण त्या एकमेकींना धरून राहत नाहीत. त्यांच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन जन्मतःच नसते किंवा सदोष असते. म्हणूनच प्लेटलेट्सची संख्या दीड ते साडेचार लाख, म्हणजे अगदी नॉर्मल येते आणि ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून निदान लांबते.

आता खोल शिरांकडे पाहू. रोहिणीत रक्त वेगाने धावते, तेथील गुठळीत प्लेटलेट्सचा वाटा मोठा. शिरांत मात्र रक्त संथ वाहते. पाटाचे पाणी संथ झाले की गाळ बसतो, तसे येथे फायब्रिनचे जाळे तांबड्या पेशींना अडकवून गुठळी तयार करते. त्यासाठी प्लेटलेट्सची एकजूट तितकीशी लागत नाही. रक्तप्रवाह मंदावणे, शिरेच्या भिंतीला इजा आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली प्रवृत्ती, ही गुठळीची तीन कारणे. जर्मन वैद्य फिरशो यांच्या नावाने ती ओळखली जातात आणि ग्लान्झमनचा रुग्ण त्यांपैकी एकापासूनही सुटलेला नसतो.

या मुलीच्या बाबतीत तिन्ही कारणे जमून आली होती. हाड मोडताना इजा झाली, प्लॅस्टरमुळे पाय निश्चल राहिला आणि पाळीतील अतिरक्तस्रावासाठी ती एस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेत होती. या गोळ्यांनी पाळी आटोक्यात येते, पण शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, शिरेत बरेच दिवस ठेवलेली नळी यांनीही तो वाढतो.

उपचार म्हणजे तारेवरची कसरत. गुठळी वाढू नये म्हणून हेपॅरिन द्यावे, तर रक्तस्रावाची भीती. न द्यावे, तर गुठळीचा तुकडा फुप्फुसात जाऊन जिवावर बेतण्याची भीती. रक्तविकारतज्ज्ञांनी तिला रुग्णालयात ठेवून, रोज तपासून, अगदी थोड्या मात्रेने औषध सुरू केले. एस्ट्रोजेनच्या गोळ्या बंद करून दुसरा उपाय दिला. मुलगी बरी होऊन घरी आली.

अशी गुठळी क्वचितच होते, तरी ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एकाच पायाला सूज, ठणका किंवा गरमपणा आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पाय चोळू नये, मालिश तर मुळीच नको. अचानक धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. रक्त थांबवण्यासाठी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड घेत असाल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आजाराचे नाव, रक्तगट आणि चालू औषधे लिहिलेला कागद खिशात असावा.

हा आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच होतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून ज्या घराण्यात हा आजार आहे, तेथे मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक ठरवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे.

आणि डॉक्टर हसून उडवून लावत असतील, तरी आपली शंका पुन्हा विचारावी. त्या आईने दुसऱ्या दिवशी तेच केले, म्हणून वेळ निभावली.