जुनी मोटार चौकांत कां बंद पडते?

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं आपल्या सोलापुरांत झाला. त्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची 'पद्मिनी' गाडी निघणें बंद होऊन वीसांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी कांहीं घरांतून ती अजून जतन केलेली आढळते. अशी गाडी रस्त्यावर नीट धांवते, पण चौकांत थांबली कीं थरथरून बंद पडते. मग आपण उतावळेपणानें कार्बोरेटरचा स्क्रू पिळतों. मूळचा दोष राहतो आणि दुसरा उद्भवतो.

गाडी वेगांत असतां पेट्रोल मुख्य जेटमधून येतें. उभ्या जागीं इंजिन मंद चालतें तेव्हां मात्र तें निराळ्या, अत्यंत बारीक छिद्रांतून येतें. तेथें कचऱ्याचा कण अडकला तरी इंजिन उपाशी राहतें.

पहिली परीक्षा प्लगांची. टोक फिकट तपकिरी असल्यास उत्तम. कोरडी काजळी दिसल्यास पेट्रोल अधिक, पांढरें दिसल्यास कमी, आणि तेलकट दिसल्यास पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट जळले असल्यास आधीं ते बदलावे.

दुसरी परीक्षा चोकची. तापलेलें इंजिन चालू असतां चोक किंचित् ओढावा. चाल सुधारली, तर मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें; छिद्र तरी तुंबलें आहे, किंवा गॅस्केटमधून हवा आंत शिरते. सांध्याला साबणाचें पाणी लावतांच चाल बदलली, तर हवा तेथूनच शिरते. न बदलल्यास जेट काढून फुंकून साफ करावा. आंत तार घालूं नये. छिद्र मोठें होतें.

आतां पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि आपल्या जिल्ह्यांतील ऊसही त्याला कारणीं लागतो. इथेनॉलमध्यें प्राणवायु असल्यानें जुन्या जेटला तें मिश्रण पातळ पडतें. शिवाय जुन्या रबरी नळ्या त्यानें खराब होतात. तापल्या इंजिनावर पेट्रोल गळलें तर आगीचें भय आहे. म्हणून नळ्या आधीं तपासाव्या.

वैशाखांत पारा चाळिसांवर गेला कीं पेट्रोलची पंपांतच वाफ होते. पंपावर ओलें फडकें ठेवून थोडें थांबावें; तो बिघाड नव्हे.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. स्क्रूची पाळी सर्वांत शेवटीं; तोही पाव फेराच, मूळ जागेवर खूण करून, म्हणजे परत फिरतां येतें.