ऋतुचित्र आणि मुलांची कविता

आषाढाच्या प्रारंभी बहुतेक प्राथमिक शाळांतून ‘पावसाळा’ या विषयावर मुलांकडून चित्रे काढून घेतात व चार ओळींची कविताही लिहावयास सांगतात. शाळा पाटणच्या डोंगरातील असो वा माणमधील एखाद्या वाडीवरची, दोन्हीकडील कागदांवर तोच हिरवा डोंगर, तीच छत्री आणि तेच इंद्रधनुष्य उमटते. कवितेतील ‘रिमझिम’ व ‘थुईथुई’ हे शब्दही ठरलेलेच. वस्तुतः एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर दहिवडीकडे पाचशे मिलिमीटर पडला तरी साल बरे गेले असे म्हणतात. सांगली जिल्ह्यातही शिराळ्याचा आषाढ निराळा व जत-आटपाडीचा निराळा. माणच्या मुलाने छत्री रंगविली यात त्याचा दोष नाही. ती त्यास फळ्यावरून मिळालेली असते. परंतु जे पाहिले नाही ते लिहिण्याची सवय या वयात जडली, तर ती पुढे निबंधात आणि पत्रातही सुटत नाही.

चित्र आणि गीत यांची सांगड घालण्याची रीत या भागास परकी नाही. हस्त नक्षत्र लागले की पाटावर किंवा भिंतीवर हत्तीचे चित्र काढावयाचे, त्यास फुलाफळांच्या माळा घालावयाच्या आणि मुलींनी फेर धरून गाणी म्हणावयाची, हा हादगा अनेक शाळांतून आजही होतो. त्या गाण्यांत सासू-सुना येतात, परड्यातील भाजी येते. म्हणजे जे घरात व दारात आहे तेच येते. वर्गातील पाठ याच रीतीने बांधता येईल.

प्रथम मुलांना वीस मिनिटे बाहेर न्यावे व प्रत्येकाने एकच वस्तू निवडून नीट पाहावी असे सांगावे. परत आल्यावर आधी चित्र. चित्र पुरे झाले म्हणजे शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा : “यात काय काढता आले नाही?” वास काढता येत नाही, बैलाच्या गळ्यातील घुंगराचा आवाज, चटका, वाट पाहणे हेही काढता येत नाही. जे चित्रात मावले नाही तेवढेच ओळींत लिहावयाचे. अशा वेळी कविता चित्राखालची पाटी होत नाही, आणि चित्रही कवितेची नुसती सजावट राहत नाही. पहिली-दुसरीतील मुलांनी तोंडी सांगावे व शिक्षकाने ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे.

समजा, एखाद्या मुलाने कोरडे रान व बांधावर उभा असलेला माणूस काढला आणि खाली लिहिले :

आभाळ आलं, आबानं टोपी काढली.
आभाळ गेलं, आबानं टोपी घातली.

येथे यमक नाही, पाऊसही नाही. तरीही ‘आबानं’ खोडून ‘वडिलांनी’ करण्याचा, किंवा शेवटी एक सर पाडण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. ऱ्हस्व-दीर्घ अवश्य सुधारावे. शब्द मात्र मुलाचा राहू द्यावा. यमकाचा आग्रह तर चौथीपर्यंत धरूच नये, कारण यमक जुळविण्याच्या नादात मूल पाहिलेले टाकून देते.

रंगांसाठी खर्चाची आवश्यकता नाही. गेरू, चुना, कोळसा कोठेही मिळतात. हळद तर सांगलीकडे घरोघर आहे, आणि तीत चुन्याची निवळी पडताच पिवळ्याचा तांबडा होतो, हे पाहून वर्ग हरखतो. फाल्गुनात पळसाची फुले उकळून केशरी पाणी मिळते. बेंदराला मातीचे बैल करतातच; त्यांनाच एक-एक ओळ जोडावी. कासच्या पठाराजवळील शाळांनी भाद्रपदातील फुले जागेवर पाहूनच काढावीत, एकही तोडू नये.

कार्तिकापासून उसाच्या फडांवर परगावच्या तोडणी कामगारांची मुले येतात व काही महिने आपल्या वर्गात बसतात. त्यांचा हिवाळा म्हणजे पहाटेची गाडी, पाचटाचा धूर आणि खोपीतली शेकोटी. स्थानिक मुलांनी काढलेल्या हुरड्याच्या चित्राशेजारी या मुलांचे चित्र लागले, तर एकाच थंडीची दोन रूपे साऱ्या वर्गास दिसतील. माण-जतमधूनही कुटुंबे बाहेर जातात. परतलेल्या मुलास, तू गेलास तेथला ऋतू कसा होता, हे अवश्य विचारावे.

जुन्या दिनदर्शिकांच्या कोऱ्या पाठी सांधून वर्गात एक लांब पट लावावा व ज्येष्ठापासून महिन्यागणिक त्यावर चित्रे आणि ओळी चिकटवीत जाव्यात. हंगाम संपवून निघणाऱ्या मुलाचे कागद मात्र त्याच दिवशी पटावरून सोडवून त्याच्या दप्तरात द्यावेत, आणि ती जागा रिकामीच ठेवून तेथे त्याचे नाव लिहावे.