आधी माहिती, मग अपेक्षा

स्वमग्न मुलांना शिकवताना माझं सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे चार-सहा ओळींची गोष्ट. ‘किराणा दुकानात कधी कधी गर्दी असते. काका एका वेळी एकालाच सामान देतात. माझी पाळी आली की मी यादी देतो. काका फोनवर बोलत असतील, तर मी थांबायचा प्रयत्न करेन.’ प्रत्येक ओळीशेजारी त्याच दुकानाचा फोटो असतो. घरी ती रोज वाचायची, मग प्रत्यक्ष दुकानात जायचं.

मिशिगनमधल्या शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही ‘सोशल स्टोरी’ची पद्धत मांडली. तिचा कणा एकच: आज्ञा कमी, माहिती जास्त. पाळी, गप्पांतला विराम, चेहऱ्यावरची नाराजी हे बरीच मुलं न सांगता टिपतात. स्वमग्न मुलांना अनेकदा ते उघड करून सांगावं लागतं. एकदा कारण कळलं की माझे कित्येक विद्यार्थी नियम काटेकोर पाळतात.

‘माझ्याकडे बघ’ असा हट्ट मात्र मी धरत नाही. अनेकांना नजरेला नजर देताना त्रास होतो; मान वळवून ते उलट नीट ऐकतात.

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२मध्ये लिहिलं, की स्वमग्न आणि इतर माणसांमधला एकमेकांना न समजण्याचा प्रश्न दोन्ही बाजूंचा आहे. मला ते मनापासून पटतं. म्हणून मी दुकानदारालाही सांगते: प्रश्न छोटा विचारा, उत्तरासाठी थांबा. तुम्हीही एवढं कराच.